एक नोंद आणि अनेक वह्या
(शहापूर-मुरबाडच्या सोसायट्यांवरून ‘ईआरपी’चा पाठ)



‘ईआरपी’ हा शब्द आता आपल्यापैकी बहुतेकांच्या कानावरून गेला आहे. शेतकी कार्यालयात ऊस नोंद विचारायला गेलं की “अजून ईआरपीत आली नाही” असं सांगतात. बिलात वजावट जास्त दिसली म्हणून विचारलं, तर “ईआरपीत तसंच दाखवतंय, आम्ही काय करणार?” असं उत्तर मिळतं. हल्ली गावच्या विकास सोसायटीत गटसचिवही तेच बोलू लागले आहेत. पूर्वी ‘साहेब बाहेर गेलेत’ म्हटलं की माणूस परत फिरायचा, तसं आता या चार अक्षरांनी होऊ लागलं आहे.

संस्थेतला जो शब्द ऐकून सभासद गप्प होतो, तो शब्द सभासदाला समजलाच पाहिजे, असे आम्हांस वाटते. त्यासाठी या अंकात हा पाठ घेतला आहे. ‘एंटरप्राइझ रिसोर्स प्लॅनिंग’ या मूळ नावाचा फारसा उपयोग नाही. संस्थेजवळचा पैसा, माल, माणसं, यंत्रं आणि वेळ यांची एकत्रित आखणी, असा त्याचा अर्थ. पण अर्थ पाठ करून काही कळत नाही. आपण काट्यापासून सुरुवात करू.

समजा, ट्रॅक्टर आपला ऊस घेऊन काट्यावर आला. भरलेलं वजन २१ टन ४५० किलो, रिकामं वजन ७ टन २०० किलो, म्हणजे निव्वळ ऊस १४ टन २५० किलो. हा आकडा कोणाकोणाला हवा असतो ते बघा. शेतकी खात्याला हवा, कारण त्या गटातला किती ऊस तुटला आणि किती उभा आहे हे पाहून पुढच्या तोडीच्या चिठ्ठ्या काढायच्या असतात. तोडणी-वाहतूक विभागाला हवा, कारण टोळीची मजुरी आणि वाहनाचं भाडं टनावर असतं. बिल विभागाला तर हवाच. प्रयोगशाळेलाही हवा. साखर उतारा म्हणजे शंभर किलो उसामागे किती किलो साखर निघाली याचा हिशेब, आणि त्यातला ऊस काट्यावरच मोजलेला असतो. त्याच उताऱ्यावर रास्त व किफायतशीर दर बसतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने तो १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये ठरवला. म्हणजे काट्यावरचा एक आकडा शेतातून निघून थेट दरापर्यंत पोहोचतो.

जुन्या पद्धतीत हा आकडा पाच टेबलांवर पाच वेळा उतरवला जायचा. पाळी संपली की स्लिपांचा गठ्ठा एका कार्यालयातून दुसरीकडे जायचा. कुठेतरी १४.२५० चे १४.५२० व्हायचे, कुठे स्लिपच गहाळ व्हायची. मग महिनाअखेर सगळे कारकून आपापली रजिस्टरं घेऊन मेळ घालत बसायचे. ईआरपीत हा आकडा एकदाच, काट्यावरच लिहिला जातो. मग शेतकीवाला, बिलवाला, वाहतुकीचा कारकून, सगळे तोच आकडा आपापल्या पडद्यावर वाचतात. वह्या पाच दिसतात, पण ती एकाच वहीची पाच पानं असतात.

मूळ कल्पना एवढीच आहे. बाकीचा सगळा पसारा तिच्यातूनच वाढलेला.

कल्पना नवी नाही. कारखान्यात कोणता माल किती लागेल आणि कधी मागवायचा, याची आखणी संगणकावर करण्याचे प्रयत्न अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात सुरू झाले. १९७२ साली जर्मनीत आयबीएम सोडून बाहेर पडलेल्या पाच अभियंत्यांनी ‘सॅप’ ही कंपनी काढली. त्यांचं पहिलं काम एका नायलॉन धाग्याच्या कारखान्यात झालं. ‘ईआरपी’ हे नाव मात्र १९९० सालचं. आपल्याकडे बंगळूरात १९८६ मध्ये ‘टॅली’वाल्यांची कंपनी सुरू झाली आणि दुकानदारापासून पतसंस्थेपर्यंत सर्वांचे हिशेब संगणकावर आले.

इथे एक फरक लक्षात घ्यावा. नुसतं हिशेबाचं सॉफ्टवेअर काम झाल्यानंतर लिहिलं जातं. माल आला, पावती झाली, मग कारकून ती नोंद चढवतो. ईआरपीत काम आणि नोंद एकत्रच होतात. नोंद झाल्याशिवाय गोदामातून पोतं बाहेर पडू नये आणि पोतं बाहेर पडलं की हिशेब आपोआप झालेला असावा, अशी त्याची रचना असते. बाजारात कोणत्याही पॅकेजावर ईआरपी लिहून विकतात, तेव्हा नावावर जाऊ नये. नोंद केव्हा होते आणि कोण करतो, एवढं विचारलं की खरं काय ते कळतं.

भाताचे तालुके कशासाठी?

सभासद विचारतील, उसाच्या अंकात शहापूर आणि मुरबाड कुठून आले? तिथे ना साखर कारखाना, ना आपल्यासारखे उसाचे फड. आम्ही ते तालुके निवडले ते नेमके याच कारणासाठी.

आपल्या पट्ट्यात सोसायटीचं पीककर्ज बहुधा ऊस बिलातून परस्पर कापलं जातं. बँकेची यादी कारखान्याकडे येते, कारखाना वजावट करून रक्कम पाठवतो आणि सभासदाला बिलावर एक ओळ दिसते. सोसायटीच्या खतावणीत ती ओळ पुढे कुठे, केव्हा, किती जमा झाली, हे पाहायला आपल्यातले किती जण जातात? कारखान्याच्या सावलीत राहिल्यामुळे सोसायटीची वही आपल्या नजरेआड झाली आहे.

शहापूर-मुरबाडमध्ये ही सावली नाही. पावसावरचं भात हे मुख्य पीक, वरकस जमिनीवर नाचणी-वरी, भात निघाल्यावर ओलीवर कुठे वाल. भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. सुगी संपली की बरीच आदिवासी कुटुंबं वीटभट्टीवर किंवा मजुरीला बाहेर पडतात. तिथला शेतकरी जूनमध्ये सोसायटीतून कर्ज उचलतो आणि भात विकून किंवा मजुरीचे पैसे साठवून स्वतःच्या हाताने परत आणून देतो. मध्ये कारखाना नाही, कपात नाही. त्यामुळे सोसायटीत काय लिहिलं जातं, यावर त्याचं पुढचं वर्ष अवलंबून असतं.

आणि ईआरपीचं आजचं सर्वांत मोठं काम याच गावसोसायट्यांत चाललं आहे. केंद्रात सहकार मंत्रालय वेगळं झालं जुलै २०२१ मध्ये. त्यानंतर २९ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. खर्च धरला होता २,५१६ कोटी रुपये. पुढे संस्थांची संख्या आणि रक्कम दोन्ही वाढवण्यात आल्या. काम नाबार्डच्या देखरेखीखाली चालतं. ‘प्राथमिक कृषी पतसंस्था’ म्हणजे आपल्या भाषेत विविध कार्यकारी सोसायटी, महाराष्ट्रातल्या अशा सुमारे बारा हजार संस्थांना या योजनेत मान्यता मिळाली. पूर्वी काही राज्यांनी आपापलं सॉफ्टवेअर केलं होतं, पण एकाचं दुसऱ्याशी जुळत नव्हतं. म्हणून या वेळी साऱ्या देशाला एकच सामाईक सॉफ्टवेअर आणि त्यात कर्ज, ठेव, भाग, खत-बियाणे विक्री, रेशन दुकान, गोदाम, धान्य खरेदी असे वेगवेगळे कप्पे ठेवले. गावची सोसायटी आता जिल्हा बँकेशी आणि राज्य बँकेशी जोडली जावी, हा त्यामागचा हेतू.

पन्नास पोती भाताची गोष्ट

एक उदाहरण घेऊ. उदाहरण आमचं, पण रीत खरी आहे.

या भागात आधारभूत किमतीने भात खरेदी होते ती आदिवासी विकास महामंडळामार्फत, आणि गावपातळीवर हे काम आदिवासी सहकारी संस्था करतात. २०२५-२६ च्या हंगामात साधारण भाताला क्विंटलमागे २,३६९ रुपये हा दर होता. समजा, टोकावड्याकडच्या एका शेतकऱ्याने २० क्विंटल भात केंद्रावर आणलं. रक्कम झाली ४७,३८० रुपये. ४० किलोच्या भरतीने पोती झाली ५०.

जुन्या वहीत ही एक घटना निदान सहा ठिकाणी लिहावी लागे. खरेदी पावतीत, साठा रजिस्टरात, बारदान रजिस्टरात (कारण ५० रिकामी पोती कमी झाली), शेतकऱ्याच्या देय रकमेच्या यादीत, महामंडळाला पाठवायच्या तक्त्यात आणि संस्थेच्या कमिशनच्या हिशेबात. लिहिणारा माणूस एकच, केंद्रावर रांग लागलेली, बाहेर पोती पडलेली, उघड्यावर दव पडतंय. मग काय होतं? पावती तेवढी त्याच दिवशी फाडली जाते, बाकीची रजिस्टरं रात्री किंवा आठवड्याने भरली जातात. साठा रजिस्टरात ४८ पोती लागली तर ती चूक भरडाईसाठी गिरणीवाला गाडी घेऊन येईपर्यंत कोणाला कळत नाही. तोपर्यंत महिने गेलेले असतात. दोन पोत्यांची तूट नैसर्गिक घट की लिहिण्यातली चूक की चोरी, हे मग कोणीच सांगू शकत नाही. अशा न सुटणाऱ्या तुटींवरून सहकारी संस्थांत जी भांडणं होतात, ती आपल्यालाही परकी नाहीत.

ईआरपीत वजन झालं की एकच नोंद होते: सभासद क्रमांक, २० क्विंटल, ५० पोती. साठा वाढतो, बारदान कमी होतं, देय रक्कम उभी राहते, कमिशन मोजलं जातं, सारं त्याच नोंदीतून. तूट पडली तर कोणत्या दिवशी पडली ते दिसतं.

हे ऐकून बरं वाटतं. पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे आणि आमच्या मते सभासदाने तीच जास्त लक्षात ठेवायची. केंद्रावर २० च्या जागी १८ लिहिलं गेलं तर तेही एकाच वेळी सगळीकडे जातं. पूर्वी पाच वह्यांपैकी चार बरोबर आणि एक चूक असली की मेळ घालताना चूक सापडायची. आता पाचही पानं एकसारखी चुकतात, मेळ अगदी बरोबर लागतो, तपासनीस खूश होतो आणि दोन क्विंटलचे ४,७३८ रुपये शेतकऱ्याच्या खिशातून गेलेले असतात. या चुकीला सापडण्याची एकच जागा उरते, ती म्हणजे शेतकऱ्याच्या हातातली पावती. काट्यापाशी उभं राहून ती वाचून घेणं हे काम संगणक आल्याने कमी होईल असं कोणी सांगत असेल, तर त्याचं ऐकू नये.

जुनी वही नव्यात चढवताना

नवं सॉफ्टवेअर चालू करायचं म्हणजे आधी जुनी वही त्यात भरावी लागते. यंत्र येऊन टेबलावर बसायला एक दिवस पुरतो, ही भरणी मात्र महिनेच्या महिने चालते.

सोसायटीची तेरीज काढली की सभासदांच्या वैयक्तिक कर्जखात्यांची बेरीज आणि तेरजेतला कर्जाचा आकडा एक यायला हवा. तसेच सोसायटीच्या वहीत जिल्हा बँकेचं जेवढं देणं दिसतं, तेवढंच बँकेच्या वहीत सोसायटीकडून येणं दिसायला हवं. वर्षानुवर्षं हाताने लिहिलेल्या वह्यांत असं नेहमी जुळत नाही. कुठे व्याज एका वहीत लावलं, दुसरीत राहिलं. कुठे वसुली बँकेत भरली, पण सभासदाच्या पानावर आलीच नाही. अशा वेळी सोपी वाट म्हणजे फरकाची रक्कम ‘अनामत’ किंवा ‘सस्पेन्स’ नावाच्या खात्यात टाकायची आणि पुढे जायचं. तो फरक कोणाचा तरी पैसा असतो. तो कोणाचा हे शोधायचं असेल तर हीच वेळ. एकदा तो अनामतीत गेला की त्याला वाली राहत नाही.

नावांचंही तसंच. एका पाड्यात एकाच नावा-आडनावाची दोन-तीन माणसं सहज असतात. सातबारावर एक नाव, आधार कार्डावर दुसरं, सोसायटीच्या सभासद रजिस्टरात तिसरं. बाप वारून दहा वर्षं झाली, तरी भाग त्याच्याच नावावर आणि कर्ज मुलगा फेडतोय. गटसचिव जुना असला की हे सारं त्याच्या डोक्यात असतं, ‘अमक्याचा थोरला’ म्हटलं की तो पान उघडतो. संगणकाला थोरला-धाकटा कळत नाही, त्याला क्रमांक लागतो. नाव न जुळणं किती महागात पडतं ते महाराष्ट्राने २०१७ च्या कर्जमाफीत पाहिलं आहे. तेव्हा बँकांकडून प्रत्येक खात्याची माहिती ६६ रकान्यांत मागवली गेली. नावं, आधार क्रमांक आणि खाती न जुळल्याने याद्या पुन्हा पुन्हा तपासाव्या लागल्या आणि पात्र शेतकरी महिनोन्‌महिने ताटकळले. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत तर आधार पडताळणी झाल्यावरच रक्कम जमा होत होती. कर्ज खरं होतं, माणूस खरा होता, पण रकान्यातलं नाव दुसरं होतं.

म्हणून सोसायटीत ही भरणी चालू असताना सभासदाने एकदा जाऊन स्वतःचं पान पाहावं. क्रमांक, नाव, वारस, भागाची रक्कम, कर्जाची शिल्लक आणि शेवटच्या भरण्याची तारीख. दहा मिनिटांचं काम आहे.

तारखेची किंमत

शेवटच्या भरण्याची तारीख म्हटलं, ते मुद्दाम. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून शेतकऱ्याला ते शून्य टक्क्याने पडतं. मुदत चुकली तर नाही. ४०,००० रुपयांवर वर्षाला ७ टक्के धरले तरी २,८०० रुपये होतात, आणि खातं थकीत दिसलं तर जूनमध्ये नवं कर्ज अडतं ते वेगळंच. आता विचार करा. एका गटसचिवाकडे दोन-चार सोसायट्या असतात. तो आठवड्यातून एकदा गावात येतो. सभासद त्याच्या हाती रोख देतो, तो एका चिठ्ठीवर रक्कम लिहून देतो आणि पैसे तालुक्याच्या शाखेत दोन-चार दिवसांनी भरले जातात. भरणा मुदतीत झाला की मुदतीनंतर? जुन्या वहीत याचं उत्तर लिहिणाऱ्याच्या मर्जीवर असायचं. मार्चची रोजकीर्द मे महिन्यात लिहिली जाणं ही काही ऐकीव गोष्ट नाही.

ईआरपीत दिवस उघडतो आणि दिवस बंद होतो. बंद झालेल्या दिवसात मागाहून नोंद घुसवता येऊ नये, असा त्याचा नियम असतो, आणि कोणी काही बदललंच तर कोणाच्या नावाने, किती वाजता, हे मागे राहतं. आमच्या दृष्टीने साऱ्या ईआरपीतली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे. पण तिचा फायदा मिळायचा तर पैसे दिल्याबरोबर नोंद झाली पाहिजे. चिठ्ठी आज आणि नोंद पुढच्या सोमवारी, असं झालं तर तारीख सोमवारचीच पडणार, आणि या वेळी ती मागे घेता येणार नाही. जुन्या व्यवस्थेत ओळखीने तारीख मागे सरकायची ती सोयही गेली म्हणायची! तेव्हा कच्ची चिठ्ठी घेऊन घरी जाऊ नये. संगणकाची छापील पावती किंवा मोबाइलवर आलेला संदेश, दोहोंपैकी एक पाहिल्याशिवाय भरणा झाला असं समजू नये.

दुसरा नियम ‘एकाने लिहायचं, दुसऱ्याने मंजूर करायचं’ हा. सचिवाने कर्जाची नोंद केली तरी अध्यक्ष किंवा दुसरा अधिकारी मान्यता देईपर्यंत ती पक्की होत नाही. दोघांना दोन वेगळे परवलीचे शब्द. कागदावर नियम चोख आहे. पण ज्या सोसायटीत काम करणारा एकच माणूस आहे आणि अध्यक्षांना संगणकाची भीती वाटते, तिथे दोन्ही शब्द एकाच ड्रॉवरात एका चिठ्ठीवर लिहिलेले सापडतील. मग दोन कुलुपं आणि एकच किल्ली, असा प्रकार होतो. ही गोष्ट सॉफ्टवेअरवाला सुधारू शकत नाही. ती संचालक मंडळाने सुधारायची असते. आपल्या कारखान्याच्या सभेतही हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

रेंज, हंगाम आणि धसई

मुरबाड तालुक्यातलं धसई हे बाजाराचं गाव. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी झाली आणि १ डिसेंबरला धसई हे राज्यातलं पहिलं रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झालं. दुकानदारांना कार्ड घासण्याची यंत्रं मिळाली, राज्याचे अर्थमंत्री आले, वर्तमानपत्रांत फोटो आले. पुढे नोटा मुबलक झाल्या तशी रोखही परतली. आम्ही हे कोणाला हसण्यासाठी लिहीत नाही. टंचाईच्या दिवसांत त्या यंत्रांनी काही जणांची सोय केलीच. पण यंत्र दुकानदाराच्या रोजच्या कामात शिरलं नव्हतं. त्याची उधारीची वही, माल मागवण्याची यादी, बाजारच्या दिवसाची देवघेव, सारं पूर्वीच्याच जागी होतं. यंत्र बाजूला ठेवलं तरी त्याचं काही अडत नव्हतं.

सोसायटीतला संगणक असा बाजूला ठेवता येऊ नये, तर डोंगराकडच्या गावांतल्या रेंजचा आणि विजेचा विचार आधी करावा लागतो. सह्याद्रीच्या पायथ्याला पावसाळ्यात वीज जाते ती कधी कधी दोन दोन दिवस येत नाही, आणि कर्जवाटपाचा हंगाम नेमका तोच. त्या दिवसांत काय करायचं हे संस्थेने आधी ठरवून लिहून ठेवलेलं बरं. छापील क्रमांकाचं पावती पुस्तक जवळ असावं, वीज आल्यावर त्याच क्रमांकाने नोंदी व्हाव्यात आणि तोवर सभासदाला मूळ पावती मिळावी. ‘सिस्टीम बंद आहे, उद्या या’ हे उत्तर वीस रुपये भाडं आणि दिवसाची मजुरी मोडून आलेल्या माणसाला देऊ नये.

हंगामाच्या तोंडावर नवी यंत्रणा चालू करणं हाही असाच धोका. अमेरिकेत हर्शी नावाची मोठी चॉकलेट कंपनी आहे. तिने ११ कोटी २० लाख डॉलर खर्चून १९९९ साली नवी यंत्रणा बसवली आणि ती नेमकी सणाच्या मागणीच्या आधी चालू केली. गोदामात माल पडून राहिला आणि सुमारे दहा कोटी डॉलरच्या मागण्या वेळेवर पुऱ्या करता आल्या नाहीत. एवढ्या पैशाच्या कंपनीची ही तऱ्हा, तर गावसोसायटीने मे-जूनमध्ये आणि कारखान्याने गळीत सुरू होताना जुनी वही मिटू नये, हे उघड आहे. काही महिने दोन्ही वह्या शेजारी शेजारी चालवाव्यात. दुप्पट काम पडतं, कर्मचारी कुरकुरतात, पण मेळ लागला की मगच जुनी मिटायची.

वारणेचा अनुभव

आपल्याच क्षेत्रातलं एक उदाहरण सांगतो. कोल्हापूर-सांगलीच्या वारणा खोऱ्यात सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातल्या ७० गावांसाठी १९९८ साली संगणकाचं जाळं उभारण्याची योजना निघाली. गावोगाव केंद्रं झाली, तिथे संगणक बसले. त्या संगणकांवर शेतीची माहिती, बाजारभाव, शिक्षण असं बरंच काही मिळणार होतं. प्रत्यक्षात शेतकरी विचारायला यायचा ते आपला ऊस किती टन गेला, तोडीची पाळी केव्हा, खत किती मिळणार, एवढंच. काही वर्षांनी बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्रातल्या लोकांनी तिथे सात गावांत प्रयोग केला. संगणकाऐवजी साधा मोबाइल आणि लघुसंदेश. ऊस नोंद, टनेज, खताची माहिती संदेशावर मिळू लागली. तेवढ्याने शेतकऱ्याचं काम झालं, तेही कमी खर्चात. ही हकीकत २००७ साली निबंध म्हणून प्रसिद्ध झाली.

शहापूर-मुरबाडच्या सभासदालाही सॉफ्टवेअरमधले सगळे कप्पे बघायचे नाहीत. त्याला आपलं कर्ज, आपला भरणा, आपली पोती दिसली की पुरे. ती दिसतात का, एवढ्यावर त्याच्यापुरती साऱ्या खर्चाची पारख होईल.

ते दिसण्याचा हक्क कायद्याने आधीच दिलेला आहे, त्यासाठी संगणकाची वाट पाहायची गरज नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला संस्थेच्या कार्यालयात, कामकाजाच्या वेळेत, फी न देता काही कागदपत्रं पाहता येतात. उपविधी, लेखापरीक्षण झालेला शेवटचा ताळेबंद, नफातोटा पत्रक, समिती सदस्यांची यादी, सभासद रजिस्टर, सभांचे कार्यवृत्त, आणि संस्थेशी त्याच्या स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी ज्या वह्यांत आहेत तो भाग. प्रत हवी असेल तर लेखी अर्ज करून ठरलेली फी भरायची, फी भरल्यापासून एका महिन्यात प्रत मिळाली पाहिजे. हेच कलम आपल्या कारखान्यालाही लागू आहे. ‘ईआरपीत तसंच दाखवतंय’ असं कोणी म्हणालं, तर आपण म्हणावं, “मग तोच उतारा छापून द्या.” त्यात नोंदीची तारीख आणि नोंद करणाऱ्याचं नाव येतं का तेही पाहावं.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायची असते. त्याआधी ऑगस्टमध्ये सोसायटीच्या आणि कारखान्याच्या, दोन्ही खात्यांचा उतारा घ्यावा. ऊस बिलावरची सोसायटी कपात आणि सोसायटीच्या पानावरचा जमा आकडा व तारीख समोरासमोर ठेवून पाहाव्यात. फरक आढळला तर दोन्ही ठिकाणी अर्ज द्यावा, अर्जाच्या दोन प्रती कराव्यात आणि एका प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यावी.